फेस्टिव्हल पण मीच करायचा, मग पीएचडी कधी करू?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

पत्र लिहिणाऱ्या मॅडम सोलापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर जर्मन शिकवतात. वय तिशीच्या आत. घर पूर्व भागात, घरात तेलुगू, बाहेर मराठी-कन्नड-हिंदी सगळंच. लहानपणी शाळेत मराठी बोलताना ‘तो, ती, ते’ चुकायचं म्हणून वर्गात हसायचे, हेही त्यांनी लिहिलंय. कॉलेजात जर्मन, फ्रेंच, जपानीचे सर्टिफिकेट कोर्स आहेत आणि त्या सगळ्यांचा मिळून दरवर्षी ‘जागतिक भाषा महोत्सव’ होतो, ज्याचं सगळं काम यांच्याच गळ्यात पडतं. फूड स्टॉल, वेशभूषा, रांगोळी, झेंडे. गेल्या वर्षी जर्मनीचा झेंडा म्हणून चक्क बेल्जियमचा छापून आला, पाहुण्यांच्या मागे तोच लागला, त्याच्यापुढे फोटो निघाले आणि तेच अहवालात गेले. मॅडमनी सांगितलं तर उत्तर मिळालं, “जाऊ द्या ओ मॅडम, कलर तर तेच आहेत.” इकडे पीएचडीचं सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, अर्धवट पडलंय. एक सीनियर सर म्हणतात पेपर कोण वाचतंय, फोटो सगळे बघतात. मॅडमचे प्रश्न असे: महोत्सवाला सरळ नाही म्हणू का? म्हटलं तर जूनमध्ये परत बोलावतील का? सोलापुरात बसून जर्मनमध्ये कसलं संशोधन होणार, पुण्याला जाऊ का? आणि आई म्हणते बीएड कर आणि शाळेत लाग, तिचं ऐकू का?

मॅडम,

आधी सॉरी, बेल्जियमचं वाचून मी खूप हसले. काळा-पिवळा-लाल उभे पट्टे म्हणजे बेल्जियम, काळा-लाल-सोनेरी आडवे म्हणजे जर्मनी, हे डिजिटल बॅनरवाल्याला कसं कळणार आणि त्याला दोष तरी काय द्यायचा, त्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर इमेज पाठवली असणार आणि त्यानं छापली. पण पाचशे लोकांच्या हॉलमध्ये ते एकट्या तुम्हालाच दिसलं आणि दिसून काहीच फरक पडला नाही, ही बोच मला समजते. तुमचं पूर्ण पत्र त्या बोचीतून आलंय असं वाटलं.

पण एक गोष्ट तुम्ही पत्रात अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. महोत्सवाच्या आधीचे तीन आठवडे रोज संध्याकाळी थांबावं लागतं आणि त्याचे पैसे मिळत नाहीत, कारण तासिका म्हणजे शिकवलेले तास. मी असते तर हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला टाकलं असतं. तुम्ही सगळं भांडण ‘कार्यक्रम की अभ्यास’ असं मांडलंय, जणू कार्यक्रम हा उथळ लोकांचा उद्योग आणि संशोधन हे खोल माणसांचं काम. मला तसं वाटत नाही. तुमचा वेळ फुकट जातोय, आणि फुकट गेलेल्या वेळात अभ्यास बसत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. उद्या महोत्सव बंद झाला तर तो रिकामा वेळ आपोआप पीएचडीला जाईल याची गॅरंटी आहे का? ॲडमिशन कमिटी आहे, परीक्षेचं सुपरव्हिजन आहे, कुणाचा तरी सत्कार आहे. सीएचबीवाल्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे काम त्याच्याकडेच येतं. म्हणून कुठलं काम सोडायचं हे ठरवण्याआधी कुठले तास माझे, हे ठरवा. आठवड्यातल्या दोन सकाळी, तास सुरू व्हायच्या आधी, फोन बंद. घरी जमत नसेल तर लायब्ररीत. हे कुणाला सांगायची, परवानगी मागायची गरज नाही.

आता महोत्सवाबद्दल थोडं उलट बाजूनं बोलते, राग मानू नका. सर्टिफिकेट कोर्स चालतो कशावर? ॲडमिशनवर. बारा पोरं आली तर बॅच, पाच आली तर बंद. आणि फर्स्ट इयरच्या मुलीला आपल्या कॉलेजात जर्मन शिकता येतं हे कधी कळतं, तर त्या दिवशी स्टॉलवर. म्हणजे ज्याला तुम्ही पीडा समजताय तो तुमच्या तासिकांचा रस्ता पण आहे. सरळ नाही म्हणून बाजूला झालात तर महोत्सव थांबणार नाही, तो दुसरं कुणीतरी करेल आणि तेव्हा झेंडा बरोबर की चूक हे सांगणारं माणूसही तिथं नसेल. तो सोडण्याऐवजी तुमच्या हिशोबानं बदलून घ्या असं मी म्हणेन. कसा, ते खाली लिहिते, पण आधी तो सोलापूरवाला मुद्दा, कारण त्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

“सोलापुरात बसून जर्मनमध्ये कसलं संशोधन होणार.” हे तुम्ही खरंच मानता का, की ऐकून ऐकून बसलंय डोक्यात? ग्युंथर सोंथायमर हे नाव तुम्ही ऐकलं असेलच, नसेल तर आज शोधा. हायडेलबर्ग युनिव्हर्सिटीचे जर्मन अभ्यासक, १९९२ ला गेले. हा माणूस आपल्याकडे धनगरांच्यात फिरला, ओव्या रेकॉर्ड केल्या, जत्रा बघितल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर आख्खं पुस्तक लिहिलं, जर्मनमध्ये. इंग्रजी भाषांतर यायला १९८९ उजाडलं, तेही ॲन फेल्डहाउस या अमेरिकन बाईंनी केलं. आता मला सांगा, मूळ जर्मन वाचू शकणारी आणि बिरोबाच्या जत्रेला तासा-दीड तासात पोचू शकणारी माणसं जगात किती असतील? तुम्ही त्यातल्या एक आहात. आपल्या विद्यापीठाला नाव अहिल्यादेवींचं, जिल्ह्यात बिरोबाची ठाणी, तुमच्या वर्गात धनगर घरातली दोन-चार पोरं नक्की असतील, आणि आपण संशोधनासाठी पुण्याकडे बघत बसतो.

आणि हे एकच उदाहरण नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, एसटीनं दोन तास. तिथल्या विठोबावर गी देलरी या फ्रेंच पाद्र्यानं लिहिलेलं पुस्तक १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं छापलं, आणि त्याच माणसानं तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेलेत. तुमच्या विभागातल्या फ्रेंचच्या मॅडमना हे माहीत आहे का विचारा. वारीवर रशियन अभ्यासक इरिना ग्लुश्कोवा यांनी कितीतरी वर्षं काम केलंय. मंगळवेढ्याच्या चोखोबांवर अमेरिकन अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी लिहिलंय. रा. चिं. ढेऱ्यांचं विठ्ठलावरचं काम २०११ मध्ये इंग्रजीत गेलं, परत फेल्डहाउसच. म्हणजे जगातल्या भाषांमधले लोक आपल्या जिल्ह्यावर लिहून गेले आणि आपण कॉलेजात त्या भाषांच्या नावानं पास्ता करतोय, तो पण शिमला मिरची घातलेला.

बरं, सोलापुरातून मोठं काम झालंच नाही असंही नाही. जीवराज जैन ग्रंथमाला इथलीच. ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादित केला आणि त्याचा पहिला भाग १९४३ साली सोलापुरातून छापून बाहेर पडला. १९४३, महायुद्ध चालू, कागदाची मारामार. प्राकृतचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्या आवृत्तीकडे यावं लागतं आणि तिच्यावर प्रकाशनाचं गाव म्हणून शोलापूर लिहिलेलं आहे. यातले उपाध्ये तर कोल्हापूरच्या कॉलेजात शिकवत होते, म्हणजे तेव्हाही सगळं पुण्या-मुंबईतूनच होत होतं असं नाही.

आता तुमचा स्वतःचा विषय. सिनॉप्सिसमध्ये तुम्ही एका जर्मन कादंबरीकारावर काहीतरी घेतलंय, ते वाईट नाही, पण तुमच्या पत्रात त्या विषयाबद्दल एक ओळ आहे आणि वर्गातल्या पोरांच्या चुकांबद्दल दीड पान. तुम्ही लिहिलंय की मराठी घरातल्या पोरांना नामाच्या लिंगाप्रमाणे लागणारे der, die, das म्हणजे देवनागरीत लिहायचं तर डेर, डी, दास, लवकर पटतात, पण तेलुगू-कन्नड घरातली पोरं “मॅडम टेबलाला कशाला लिंग?” असं विचारतात. हा विषय आहे, मॅडम! हाच. मराठीला जर्मनसारखी तीन लिंगं आहेत आणि निर्जीव वस्तूला कुठलं लिंग लागेल ते पाठच असावं लागतं. हिंदी-उर्दूत दोनच. तेलुगू-कन्नडमध्ये लिंग बरंचसं अर्थावरून ठरतं, माणूस आहे की वस्तू आहे, बाई आहे की पुरुष. मग जर्मनची तीन लिंगं शिकताना या तीन प्रकारच्या घरांतून आलेली पोरं एकसारख्या चुका करतात का वेगवेगळ्या? आणि दुसरं, जर्मनमध्ये पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं, पुस्तकात ते फार अवघड म्हणून शिकवतात कारण पुस्तक इंग्रजीवाल्याला समोर ठेवून लिहिलंय. आपल्या पोरांच्या घरच्या सगळ्याच भाषांमध्ये क्रियापद शेवटीच असतं. मग त्यांना ते सोपं जायला पाहिजे. जातं का? की इंग्रजीतून शिकवल्यामुळे त्यांनाही अवघडच वाटतं?

जर्मनीत यावर काम झालंय. ब्रिटा हुफायझेन यांच्यासारख्यांनी ‘आधी इंग्रजी येत असताना जर्मन शिकणं’ यावर बरंच लिहिलंय, तिसरी भाषा शिकणाऱ्याचं डोकं दुसरी भाषा शिकणाऱ्यापेक्षा वेगळं चालतं हा त्यांचा मुद्दा. पण जिथं पोरगं कॉलेजात येईपर्यंत तेलुगू, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि थोडी कन्नड घेऊन येतं अशा वर्गात जर्मन पाचवी किंवा सहावी असते. असा वर्ग तुम्हाला रोज फुकट मिळतोय. आणि लहानपणी ‘तो, ती, ते’ वरून ज्या मुलीला हसले तिनं हा विषय घेतला तर तिला आतून माहीत असलेलं बरंच काही असेल, जे पुस्तकात मिळणार नाही.

सुरुवात कशी करायची, तर एक जाड वही घ्या. पोराचं नाव नको, नंबर द्या. घरची भाषा, शाळेचं माध्यम, कॉलेजआधी किती भाषा, आणि मग चूक जशीच्या तशी, तारखेसकट. दर महिन्याला सगळ्यांना तीच वीस वाक्यं लिहायला द्या. एका वर्षात तुमच्याकडे जे जमेल ते कुठल्याही गाईडला दाखवण्यासारखं असेल. फक्त पोरांकडून लेखी संमती घ्या आणि चुकीच्या वाक्यांचे फोटो स्टेटसला टाकू नका, गमतीत पण नाही.

मग महोत्सव. कल्पना करा की यंदा एक टेबल असं आहे: त्यावर सोंथायमर यांच्या पुस्तकातला मूळ जर्मन एक परिच्छेद मोठ्या अक्षरात, शेजारी तुमच्या ए-टू, म्हणजे दुसऱ्या लेव्हलच्या पोरांनी तुमच्या मदतीनं केलेलं मराठी. ए-वनवाल्यांना ते झेपणार नाही, त्यांना फोटोखालच्या दोन-दोन ओळी लिहायला द्या. आणि समोर खुर्च्यांवर ज्यांच्या घरात धनगरी ओव्या म्हणतात असे दोन बुजुर्ग, वर्गातल्याच पोरांचे आजोबा-मामा, फेटा-घोंगडी घेऊन. पोरं भाषांतर वाचून दाखवणार, ते ऐकणार आणि सांगणार की हे बरोबर लिहिलंय, हे असं नसतंय पोरी, आमच्यात हे वेगळं करतात. कुणीतरी ते रेकॉर्ड करणार. झाला की कार्यक्रम. प्राचार्यांना पाहुणे मिळाले, फोटो मिळाला, पेपरला बातमी मिळाली कारण बातमीदारालाही फॅशन शो छापून कंटाळा आलेला असतो. आणि तुम्हाला मिळाली एक नोंद, जी उद्या लेखात जाते. हां, त्या बुजुर्गांना शाल-नारळावर बोळवू नका, येण्या-जाण्याचं भाडं आणि मानधन बजेटमध्ये आधीच धरा.

जपानीच्या सरांना आणि बाकी विभागांना पण अशीच एकेक गोष्ट शोधायला लावा. चिनी भाषा कॉलेजात नसली तरी सोलापुरात चीन म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत, १९१० ला इथं जन्मले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथं चिनी शिकून त्या भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवायला लागले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. बत्तीस वर्षांचं आयुष्य. भैय्या चौकातल्या स्मारकावरून आपण रोज गाडी घालतो. परकी भाषा प्रौढपणी कामापुरती शिकून तिच्यात उभं राहता येतं याचा याहून जवळचा पुरावा तुमच्या पोरांना कुठून देणार? कन्नडवाल्यांकडे तर सिद्धरामेश्वरांची वचनं आहेत, बाराव्या शतकातली. गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वजामागे चालणाऱ्या किती पोरांना माहीत आहे की सिद्धेश्वर महाराज कवी पण होते आणि ते कन्नडमध्ये लिहायचे? अक्कलकोटच्या एखाद्या मुलीनं मूळ वाचावं, दुसरीनं मराठी, तिसरीनं फ्रेंच किंवा जर्मन. ‘जागतिक’ म्हणताना आपण तेलुगू-कन्नड-उर्दूला दाराबाहेर ठेवतो हे मला बऱ्याच दिवसांपासून खटकतं, म्हणून एवढं लिहिलं.

फूड स्टॉल ठेवा हो. पोरांना मजा येते, चार पैसे सुटतात आणि आपल्या माणसाला शेंगा चटणी सोडून दुसरं काही चाखायला मिळतं. फक्त जर्मन पाव करायचा तर त्या पोरांनी रेसिपी जर्मनमधून वाचून करावी एवढी अट घाला.

तारखांचं बोलायचं तर २६ सप्टेंबर हा युरोपियन भाषा दिन असतो, ३० सप्टेंबर आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन, या दोन्हीच्या मधला आठवडा चांगला आहे, पण युवा महोत्सव आणि नवरात्र कधी येतंय ते बघून ठरवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर परीक्षा आणि दिवाळीत जातो. ९ डिसेंबर, कोटणीसांचा स्मृतिदिन, मला आवडेल. जानेवारीचा मधला आठवडा चुकूनही धरू नका, अख्खं गाव गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर असतं. फेब्रुवारीत २१ ला मातृभाषा दिन आणि २७ ला मराठी भाषा गौरव दिन, त्या धावपळीत हॉल मिळणार नाही.

आता प्राचार्यांशी बोलायचं. तुम्ही त्यांना व्हिलन करून टाकलंय, पण त्यांच्या बाजूनं एकदा बघा. त्यांना दरवर्षी नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, एक्यूएआर हा वार्षिक गुणवत्ता अहवाल भरायचा असतो, त्यात कार्यक्रम किती, जिओटॅग फोटो कुठे, संशोधन काय, विद्यार्थ्यांचा सहभाग किती असे सगळे रकाने. फॅशन शो एका रकान्यात बसतो. वर लिहिलेला कार्यक्रम दोन-तीन रकान्यांत बसतो. हे त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा, “सर मला अभ्यासाला वेळ मिळत नाही” असं रडगाणं लावू नका, ते सगळ्यांचंच असतं. एक पान लिहून घेऊन जा, साधारण असं: “सर, या वर्षीचा महोत्सव आपल्या जिल्ह्यावर परदेशी भाषांत झालेल्या लेखनावर करावा असा प्रस्ताव आहे. त्यातून विद्यार्थ्यांची एक भाषांतर पुस्तिका निघेल. यासाठी मला समन्वयक म्हणून नेमणुकीचं पत्र, सहसमन्वयक म्हणून एक कायमस्वरूपी प्राध्यापक आणि मानधनाची तरतूद हवी आहे. मंडप, जेवण, साउंड आणि छपाई सहसमन्वयक बघतील, मजकूर आणि भाषा मी बघेन.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बॅनर छपाईला जाण्याआधी तुमची सही लागेल असं त्यात घातलं तरी चालेल.

मानधन मिळेल का? कदाचित नाही. पण मागितलेलं कागदावर राहतं, आणि नेमणुकीचं पत्र मिळालं तर ते उद्या कुठल्याही इंटरव्ह्यूला फाईलमध्ये लागतं. तोंडी समन्वयक होण्याला काही किंमत नाही. पत्र द्यायला पण तयार नसतील तर मग तुम्ही मजकुराचं काम करा आणि मंडपवाल्याचे फोन घेणं बंद करा. सरळ नकारापेक्षा हे जमतं, आणि जमलं नाही तर तुम्हाला कळलं की इथं आपली किंमत काय आहे.

जूनमध्ये बोलावतील की नाही याची हमी मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही, सीएचबी म्हणजेच ते. एवढंच सांगते की सोलापुरात जर्मन नीट शिकवणारी माणसं रस्त्यावर पडलेली नाहीत आणि हे प्राचार्यांनाही ठाऊक असतं. तुमची बॅच भरलेली असेल तर तुमचं पारडं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जड आहे.

पुण्याला जायचं का. राहायला, असं विचारत असाल तर घाई नको. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघून रात्री परत येता येतं, महिन्यातून एखादी चक्कर मारा, रानडे इन्स्टिट्यूट (पुणे विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग), मॅक्सम्युलर भवनची लायब्ररी, डेक्कन कॉलेज एका दिवसात होत नाही पण दोन चकरांत होतं. गोएथे इन्स्टिट्यूटची (मॅक्सम्युलर भवन त्यांचंच) ई-लायब्ररी घरबसल्या मिळते, नोंदणी फुकट आहे. गाईड मात्र बाहेरच शोधावा लागेल असं धरून चला. पुणे आणि मुंबई विद्यापीठ आहेच, पण सोलापूरचा माणूस हैदराबाद विसरतो, तिथं इफ्लू म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ आहे, तीनशे किलोमीटर, आणि तेलुगू तुमच्या घरातच. विषय चुकांवरचा घेतलात तर भाषाविज्ञानाचा गाईडही चालेल, जर्मन साहित्याचाच पाहिजे असं नाही, मग डेक्कन कॉलेजचं दार पण उघडतं.

आणि ‘पंधरा दिवसांत इंटरनॅशनल जर्नलमध्ये पेपर’ असे मेसेज तुम्हालाही येत असतील. पैसे भरा, सर्टिफिकेट घ्या. त्यात पडू नका. २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली आहे, आणि ती केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, जिच्या नावावर एवढा धंदा चालला, ती पण २०२५ मध्ये यूजीसीनं बंद केली. तुमच्या विद्यापीठाचे स्वतःचे नियम काय आहेत ते वेगळं बघा. पण फालतू जर्नलमधला पेपर पुढे आयुष्यभर नावाला चिकटतो. तुमचे सीनियर सर म्हणतात पेपर कोण वाचतंय, तर तसल्या जर्नलमधला खरंच कुणी वाचत नाही, तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे.

आईचं म्हणणं उडवून लावू नका. तिला दर महिन्याला येणारा पगार दिसतोय आणि त्यात चूक काही नाही. बीएडनं शाळेचा रस्ता उघडेल, पण सोलापुरातल्या किती शाळांत जर्मन आहे, हे आधी चौकशी करून मगच फी भरा, नाहीतर बीएड करून इंग्रजी शिकवायला लागाल. माझं मत विचाराल तर एक वर्ष थांबा. वही भरा, महोत्सव वर सांगितला तसा एकदा करून बघा, नेटचा फॉर्म भरा, जर्मन हा विषय नेटला आहे. वर्षानं गाईड मिळाला नाही आणि कॉलेजनं साधं पत्र पण दिलं नाही तर आईशी परत बसून बोला, तेव्हा चित्र स्पष्ट असेल.

हे वाचणाऱ्या बाकीच्या सीएचबीवाल्यांनी, मग ते हिंदीचे असोत, उर्दूचे की संस्कृतचे, जर्मनच्या जागी आपला विषय घालून बघावं. उर्दूवाल्यांना तर सोलापुरात दखनी घराघरांत ऐकू येते, वही भरायला बाहेर जायची गरज नाही.

गाईडला पहिला मेल पाठवताना आख्खं सिनॉप्सिस जोडू नका, कुणी उघडत नाही. एक पान पुरे: मी कोण, कुठं शिकवते, माझ्या वर्गात कुठल्या घरच्या भाषा आहेत, मला काय दिसतंय, आणि वहीतल्या चुकांची पाच-सहा उदाहरणं. मेल जर्मनमध्ये लिहा, पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा. दोन-तीन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, जून-जुलै टाळून, तेव्हा सगळे ॲडमिशनमध्ये बुडालेले असतात.